नाना डायरी दाखवत नाहीत, मग मी माझी शीट का दाखवू?

प्रश्न : काका, मी २४ वर्षांची आहे, मेकॅनिकल डिप्लोमा, नाशिकच्या अंबडला एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सीएनसी सेक्शनला सव्वा वर्ष झालं. आमच्याकडे एक सिनियर सेटर (मशीनवर माप लावून देणारे) आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात, २२ वर्षं तिथेच आहेत. त्यांना सगळं येतं पण सांगत काहीच नाहीत. ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती, किती टाकला विचारलं की कधी "येईल हळूहळू", कधी "मला काय माहिती, प्रोसेस शीट बघ", कधी "साहेबांना विचार, मला सांगायची परवानगी नाही". त्यांची एक निळी डायरी आहे, ती लॉकरमध्ये असते. एकदा टेबलावर राहिली होती, फोटो काढून घ्यावेत असं फार वाटलं पण काढले नाहीत. गेल्या महिन्यात ते सुट्टीवर असताना माझ्या शिफ्टला ६० जॉब (म्हणजे पार्ट) रिजेक्ट झाले आणि बोलणी मी खाल्ली. आता मी रिजेक्शनची एक एक्सेल शीट बनवलीये, कुठल्या मशीनला किती वाजता साइझ सरकते ते त्यात लगेच दिसतं. मैत्रीण म्हणते ही कोणाला देऊ नको, तुझी पण काहीतरी किंमत राहू दे. मला पण तेच पटायला लागलंय. चुकतेय का मी?
— एक वाचक, पाथर्डी फाटा (नाव छापू नका)

उत्तर : तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं, कारण त्यातला नाना मी स्वतः होतो. डायरी निळी नव्हती, एलआयसीवाल्याने दिलेली तपकिरी होती, बाकी सगळं तेच.

सातपूरला एका कंपनीत मी सेटर होतो, नव्वदच्या दशकातली गोष्ट. ३२ मिलिमीटरच्या बोअरचा, म्हणजे आतल्या भोकाचा, एक जॉब चालायचा, एच-सेव्हन, म्हणजे ३२.००० ते ३२.०२५, सगळा मिळून पंचवीस मायक्रॉनचा खेळ. आता आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो हे तुला सांगायला नको, आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मशीन चालू केलं की ते अक्षरशः बर्फासारखं गार असतं. स्पिंडल फिरायला लागलं, बॉलस्क्रू तापायला लागला की साइझ आपोआप सरकत जाते, कोणी हात लावला नाही तरी. मला हे माहीत होतं. पहिले पंधरा-वीस जॉब मी ऑफसेट आठ मायक्रॉन सरकवून चालवायचो, अर्ध्या तासाने चारवर आणायचो, नऊ-साडेनऊला शून्य. हे कुठल्याच प्रोसेस शीटवर नव्हतं, फक्त माझ्या डायरीत होतं, आणि त्यामुळे माझं रिजेक्शन थंडीतही जवळपास नसायचंच.

माझ्या हाताखाली येवल्याकडचा एक पोरगा होता, ट्रेनी. त्याने दोनदा विचारलं, नाना तुमचं सकाळी कसं काय बरोबर येतं म्हणून (हो, मलाही नानाच म्हणायचे). मी म्हटलं, सवयीने येईल. मग मी एका लग्नाला चार दिवस गावी गेलो, त्याने सकाळची शिफ्ट चालवली, शीटवर होता तो ऑफसेट ठेवून, आणि पाऊण ट्रे नो-गोमध्ये, म्हणजे मापाबाहेर, गेला. मी परत आल्यावर साहेबांनी मीटिंग घेतली, मी समोर बसलो होतो, मला कारण माहीत होतं आणि मी एक शब्द बोललो नाही. महिनाअखेरीला त्याची ट्रेनिंग संपली आणि त्याला पुढे घेतलं नाही. डब्याची पिशवी घेऊन तो गेटकडे चालला होता तेव्हा मी मशीनवर वाकून चिप, म्हणजे धातूचा कीस, साफ करत बसलो, त्यात साफ करण्यासारखं काही नव्हतं. म्हणून तुझ्या साठ जॉबबद्दल वाचलं तेव्हा आधी तुझी माफी मागावीशी वाटली, माझा काही संबंध नसताना.

मी का सांगितलं नाही हे आता सरळ सांगतो, कारण तुझ्या नानांच्या मनात काय चाललंय याचा अंदाज तुला त्यातूनच येईल. त्याच्या आदल्या वर्षी आमच्याकडच्या तीन सिनियर लोकांना सांगण्यात आलं की नवीन पोरांना तयार करा, त्यांनी मनापासून तयार केलं, आणि सहा महिन्यांनी त्या तिघांच्या हातात व्हीआरएसचा कागद आला. बाकी सगळ्यांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. कोणी कोणाला काही म्हणालं नाही पण डायऱ्या लॉकरमध्ये जायला लागल्या. आणि दुसरं कारण असं, की रात्री मशीन अडलं की साहेबांचा फोन आमच्या खालच्या किराणा दुकानात यायचा, दुकानदार वर येऊन मला उठवायचा, आणि अख्ख्या चाळीला कळायचं की याच्याशिवाय कंपनी चालत नाही. मला पगार फार नव्हता पण तो फोन होता. तो फोन दुसऱ्या कोणाला जाईल हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

पुढे ट्रेनिंगचं काम करायला लागल्यावर मला कळलं की हे आमच्याच सेक्शनचं दुखणं नव्हतं. मिशेल क्रोझिए नावाचा एक फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होता, त्याने १९५० च्या दशकात तिथल्या सरकारी तंबाखू कारखान्यांचा अभ्यास केला. त्या कारखान्यात सगळं नियमात बसवलेलं, बढती नियमाने, काम नियमाने, साहेबाच्या हातातही फारसं काही नाही. एकच गोष्ट नियमात बसत नव्हती, ती म्हणजे मशीन बंद पडणं. आणि ते दुरुस्त करणं फक्त मेंटेनन्सवाल्यांना येत होतं. मग झालं काय, की मशीनची ड्रॉइंग, सूचनांचे कागद हळूहळू कारखान्यातून गायबच झाले, मेंटेनन्सवाले सगळं तोंडी शिकवायचे आणि ते पण फक्त आपल्यातल्यांना, आणि साध्या ऑपरेटरने स्क्रू जरी फिरवला तरी भांडण. क्रोझिएचं म्हणणं होतं की जिथे बाकी सगळं ठरलेलं असतं तिथे जी एक गोष्ट ठरलेली नाही ती ज्याच्या हातात, सत्ता त्याची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी तपकिरी डायरीच डोळ्यासमोर आली. तुझ्या नानांचा हुद्दा बदलत नाही, पगार युनियनच्या करारात जे ठरेल तेच, तो बोअर मात्र त्यांच्याशिवाय साइझमध्ये येत नाही, मग बावीस वर्षांनी त्यांच्या हातात स्वतःचं म्हणण्यासारखं दुसरं काय आहे सांग.

हे सगळं मी त्यांना सूट द्यायला सांगत नाहीये. तुझी बोलणी खाल्लेली परत येत नाहीत आणि त्या पोराची नोकरीही आली नाही. पण समोरचा माणूस दुष्ट आहे असं धरून चाललीस तर तू एक वागशील आणि तो घाबरलेला आहे हे कळलं तर वेगळं वागशील, आणि दुसऱ्या वागण्यानेच काहीतरी हाती लागतं, हे मी दोन्ही बाजूंनी बघितलंय.

तू त्यांची तीन उत्तरं लिहिलीस ना, ती मला फार ओळखीची वाटली. कॅनडातल्या काही संशोधकांनी २०१२ साली याच विषयावर काम केलं, आणि लोक माहिती लपवतात ती तीन प्रकारे असं त्यांना दिसलं : एक तर माहीत नसल्याचं सोंग घ्यायचं, दुसरं टोलवायचं, नंतर सांगतो म्हणायचं आणि ते नंतर कधी येऊ द्यायचं नाही, आणि तिसरं म्हणजे कारण देऊन नाही म्हणायचं, की परवानगी नाही, ते गुप्त आहे. तिसऱ्यात खोटेपणा असेलच असं नाही असंही ते म्हणतात. आणि लपवण्याच्या मुळाशी त्यांना काय सापडलं तर अविश्वास. तेव्हा नाना तुला या तिघांतलं कुठलं उत्तर कधी देतात त्याच्यावर लक्ष ठेव. साहेब जवळ उभे असताना वेगळं आणि एकटे असताना वेगळं, असं आहे का? असेल तर ते तुझ्यापासून लपवत नाहीयेत, तुझ्यामार्फत ते साहेबांपर्यंत जाऊ नये म्हणून लपवतायत. माझं तसंच होतं, त्या पोराशी माझं काही वाकडं नव्हतं.

आता डायरी. फोटो काढले नाहीस ते फार चांगलं केलंस, आणि ते नुसतं चोरी नको म्हणून म्हणत नाहीये. समज काढले असतेस तर काय मिळालं असतं? "२२१४ — स. -८, ९.३० ०, इ. १४०" असलं काहीतरी. आता तुला मी वर गोष्ट सांगितली म्हणून कळेल की २२१४ नंबरच्या जॉबला सकाळी आठ मायक्रॉन मागे आणि साडेनऊला शून्य, आणि १४० जॉबनंतर इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या टूलच्या तुकड्याची, कड बदलायची. पण मेमध्ये, शेडच्या पत्र्याखाली चाळीस डिग्री असताना काय करायचं, ते तिथे नसतं. इन्सर्टचा मेक बदलला तर काय, ते नसतं. एक साधा हिशोब लक्षात ठेव, तुला पुढे कायम लागेल : स्टीलचा १०० मिलिमीटरचा जॉब १० डिग्रीने तापला की साधारण ११-१२ मायक्रॉन वाढतो, आणि मापं घ्यायचं स्टँडर्ड तापमान २० डिग्री असतं. म्हणजे मशीनवरून गरम काढलेला जॉब लगेच मोजला तर एक आणि चहा पिऊन येऊन मोजला तर एक. हे कळलं की डायरीतले निम्मे आकडे तू स्वतः काढू शकशील.

आणि खरं सांगू, नाना जेवढं लपवतायत असं तुला वाटतं त्यातलं बरंच त्यांना सांगताच येत नसणार. चक, म्हणजे जॉब पकडणारा जबडा, बंद झाल्याचा आवाज ऐकून जॉब नीट बसला की नाही ते मला कळायचं, पण कोणी विचारलं असतं की आवाज कसा, तर मी काय सांगणार होतो? गॅब्रिएल शुलान्स्की नावाच्या एका संशोधकाने १९९६ साली आठ कंपन्यांमधली १२२ उदाहरणं तपासली, की एका ठिकाणची चांगली पद्धत दुसऱ्या ठिकाणी का जात नाही. सगळ्यांना वाटत होतं की लोक देत नाहीत म्हणून. पण सगळ्यात मोठे अडथळे निघाले ते असे : घेणाऱ्याकडे ते पचवायची तयारी नाही, ही पद्धत नेमकी कशामुळे चालते ते कोणालाच नीट माहीत नाही, आणि दोघांमधलं नातं अवघडलेलं. या तिघांतल्या दोन गोष्टींवर तू उद्यापासून काम करू शकतेस.

कशी ते सांगतो. "कसं करायचं" हे विचारणं बंद कर. त्याचं उत्तर द्यायला अर्धा तास लागतो आणि दिल्यावर माणूस रिकामा होतो. त्याऐवजी तुझं तू बघितलेलं घेऊन जा. "नाना, आज सातला पहिला जॉब ३२.००४ आला, साडेआठला ३२.०१३, मी ऑफसेटला हात लावला नव्हता, मला वाटतं कूलंटमुळे झालं असेल." मुद्दाम चुकीचं बोल असं म्हणत नाही, तुला जे खरंच वाटतंय ते बोल, चुकलेलं असलं तरी चालेल. बावीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस प्रश्नाला उत्तर न देता निघून जाईल, पण समोर कोणी चुकीचं कारण सांगितलं तर त्याला राहवत नाही. "कूलंट कसलं, स्पिंडल गरम झालं नव्हतं" एवढं तरी तोंडातून निघतंच. तेवढं पुरे. त्या दिवशी दुसरा प्रश्न विचारायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचं की नाना तुम्ही म्हणालात तसं केलं, अर्धा तास मशीन रिकामं फिरवलं, बरोबर आलं. हे सांगणं फार महत्त्वाचं आहे आणि नवीन पोरंपोरी नेमकं तेच विसरतात. त्या पोराने मला एकदा जरी असं येऊन सांगितलं असतं तरी... असो, त्याची चूक नव्हती ती.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस पण मी सातपूर-अंबडमध्ये इतकी वर्षं काढलीत म्हणून मला माहितीये. आमचं खरं शिक्षण चहाच्या टपरीवर व्हायचं. कुठल्या मशीनचा टरेट कुरकुरतोय, कुठल्या लॉटचं मटेरियल कडक आलंय, काल रात्री काय झालं, सगळं तिथे, कटिंग हातात घेऊन. तिथे बायका-पोरी नसायच्या, आणि आजही अनेक ठिकाणी नसतात. तुझ्या बॅचच्या मुलांना नाना जास्त सांगतात असं तुला वाटत असेल तर बघ, ते सांगत असतील असं नाही, ती मुलं टपरीवर शेजारी उभी असतील इतकंच. तुला तिथे जायचं असेल तर खुशाल जा, अंबडमध्ये आता मुली जातात, त्यात काही नाही. नको वाटत असेल तर शिफ्ट बदलायच्या वेळी पंधरा मिनिटं आधी जाऊन उभी राहा. जाणारा सेटर येणाऱ्याला जे दोन वाक्यात सांगतो, "तीन नंबरकडे लक्ष ठेव, दुपारपासून लहान देतंय", ते सोन्यासारखं असतं आणि ते लपवत कोणीच नाही कारण दोघांनाही गरज असते. वहीत लिही, तारीख-वेळ टाकून.

सुपरवायझरकडे जायचंच, पण नानांची तक्रार घेऊन नाही. तुमच्या सेक्शनच्या भिंतीवर स्किल मॅट्रिक्स लावलेला असेल, चार भागांचे गोल असतात तो. बहुतेक ठिकाणी गोल पूर्ण भरला म्हणजे हा माणूस दुसऱ्याला शिकवू शकतो असा अर्थ असतो. नानांचा गोल पूर्ण काळा असणार. तर सुपरवायझरला विचार की नानांनी आजवर किती जणांना तयार केलं ते कुठे लिहिलं जातं का, आणि त्याचं त्यांना इन्क्रिमेंटमध्ये काही मिळतं का. मिळत नसणार. शिकवल्याचं काहीच मिळत नाही आणि शिकवलं की आपली गरज कमी होते, असा सौदा असेल तर शहाणा माणूस तो करणारच नाही, हे सुपरवायझरला कोणीतरी म्हणायला पाहिजे आणि ते नाना स्वतः म्हणू शकत नाहीत. आणि एक पान मागून घे : कोणीही सेटर दोन दिवसांपेक्षा जास्त सुट्टीवर जाणार असेल तर एक हँडओव्हर शीट, त्यात तीनच रकाने, काय करायचं, कुठे चुकतं, आणि का. ही पद्धत काही माझी नाही, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांमध्ये अचानक लाखो नवखी माणसं कामाला आली तेव्हा त्यांना पटापट शिकवायला जी पद्धत काढली तीत यातले पहिले दोन रकाने होते, "का" चा तिसरा पुढे जोडला गेला. तिसरा रकाना सोडू देऊ नको. पहिले दोन प्रोसेस शीटवर असतातच.

पण एक ठिकाण असं आहे जिथे हा सगळा धीर बाजूला ठेवायचा. सुरक्षेची गोष्ट असेल, पातळ भिंतीच्या जॉबला चक प्रेशर कमी ठेवायचं असतं पण किती कमी चालतं, दरवाज्याचा इंटरलॉक कोणी बायपास करून ठेवलाय, असलं काही कोणी लपवत असेल तर त्याच दिवशी, लेखी, सुपरवायझरला. चकमधून सुटलेला जॉब नवा कोण जुना कोण बघत नाही. तसंच कोणी मुद्दाम चुकीचा आकडा सांगून तुला फसवलं तर ते लपवणं नाही, ते वेगळं आहे, ते तारखेसकट लिहून ठेव आणि गप्प बसू नको.

आता तुझी शीट. मैत्रिणीचं म्हणणं मी समजू शकतो, तुझ्या वयात मलाही ते पटलं असतं, चाळिशीत तर पटलंच होतं. पण बघ, शीट तुझ्याकडे आहे, पण तिच्यात "का" नाहीये. कुठल्या मशीनला किती वाजता साइझ सरकते ते तुला दिसतं, का सरकते ते नानांना माहितीये. तू लपवलीस आणि त्यांनी लपवलं तर दोघांकडे अर्धं अर्धंच राहणार आणि रिजेक्शन तेवढंच. स्लोव्हेनियाच्या मातेय चेर्ने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली नेमकं हेच मांडलं, की जो लपवतो त्याच्यापासून बाकीचेही लपवायला लागतात, आणि शेवटी त्याचं स्वतःचंच डोकं नवीन काही काढेनासं होतं. माझं झालं ना तसं. त्या थंडीच्या ऑफसेटनंतर पुढची चार वर्षं माझ्या डायरीत नवीन पान उघडलं गेलं नाही, कारण मला कोणी काही सांगतच नव्हतं.

किंमतीचं म्हणशील तर तू नाशिकची आहेस म्हणून सांगतो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी शेवटची काही वर्षं आपल्या नाशकात काढली, रामनामाचा आश्रम होता त्यांचा इथे. त्यांच्या काळात गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी वर्षानुवर्षं पाणी भरायचं, आणि घराण्याच्या चिजा सहजासहजी कोणाला मिळायच्या नाहीत, बरेच जण त्या जिवाच्या पलीकडे जपायचे. त्या माणसाने ५ मे १९०१ ला लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं, वर्ग, अभ्यासक्रम, पुस्तकं, कोणीही या आणि शिका. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास ही सगळी त्यांची शिष्यमंडळी. ज्यांनी पेटीत चिजा कुलूपबंद ठेवल्या त्यांतल्या किती जणांची नावं आज आपल्याला सांगता येतील?

तर शीट दे, पण डोळे झाकून फॉरवर्ड करू नको. आधी कोपऱ्यात तुझं नाव आणि तारीख टाक, यात लाजायचं काही नाही, काम तुझं आहे. सुपरवायझरला मेलवर पाठव म्हणजे नोंद राहते. पण त्याच्या आधी, एक दिवस आधी, नानांना दाखव. एकट्यांना, साहेब नसताना. त्यांचे आकडे तुझ्या शीटमध्ये कोणी पकडणार नाही हे त्यांना दिसू दे, म्हणजे माणसाच्या नावाचा रकाना असेल तर तो काढून टाक, फक्त मशीन आणि वेळ ठेव. ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, नाहीतर ते तिच्याकडे शिक्षा म्हणूनच बघतील. आणि एक मोकळा रकाना वाढव, वर लिही "कारण", आणि त्यांना विचार की नाना इथे काय लिहू. त्यांनी एका ओळीत जरी काही सांगितलं तर शीटवर तुझ्या नावाशेजारी त्यांचं नाव टाक आणि मगच सुपरवायझरला पाठव.

पहिल्या दिवशी ते "बघू नंतर" म्हणतील, बहुतेक. दुसऱ्या आठवड्यात परत दाखव. आणि मोबाईलवर दाखवू नको, प्रिंट काढून ने, अक्षरं मोठी करून, त्यांचा चष्मा बहुधा लॉकरमध्ये डायरीजवळच असेल.